घड्याळ कुणाचं?

राउटरला मोडेमशी किंवा दुसऱ्या राउटरशी जोडणाऱ्या सिरियल केबलचं टोक हातात आलं की सगळ्यात आधी तिच्यावरची छोटी पट्टी वाचावी. सिस्को या राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या केबलवर साधारण असं काहीतरी छापलेलं असतं: कॅब-एसएस-व्ही३५एमटी. या लांबलचक नावातली शेवटची दोन अक्षरं पुढचे दोन-तीन तास कसे जाणार ते ठरवतात. एम म्हणजे मेल, पिना बाहेर आलेलं टोक, आणि टी म्हणजे डीटीई, डेटा वापरणारं उपकरण, सहसा राउटर. हिची जोडीदार केबल एफसी: फिमेल आणि डीसीई, म्हणजे लाइनकडचं उपकरण, सहसा मोडेम. डीसीई घड्याळ देतो, डीटीई ते घेतो. सिरियल लिंकच्या बहुतेक भानगडी या देण्याघेण्यातून सुरू होतात.

घड्याळ म्हणजे इथे किती वाजले ते सांगणारं नव्हे. प्रत्येक बिटामागे एक ठोका, एवढंच त्याचं काम. डेटा एका जोडीवरून जातो आणि ठोके वेगळ्या जोडीवरून. ठोका पडला की घेणारा डेटाच्या तारेकडे बघतो आणि तिथे शून्य आहे की एक, ते टिपून ठेवतो. ठोका नसेल तर तारेवर काहीही चाललेलं असो, घेणाऱ्याच्या लेखी तिथे काहीच नाही.

इथरनेटवर वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला जड जातं, आणि त्यात त्याची चूक नाही. इथरनेटचे दोन पोर्ट जोडले की वेग किती, डुप्लेक्स कोणता, कुठल्या जोडीवर बोलायचं आणि कुठल्या जोडीवर ऐकायचं, हे ते आपसात मिटवून टाकतात. सिरियल पोर्ट आपणहून काहीच ठरवत नाही. ठोके कोण देणार, किती वेगाने देणार, फ्रेम, म्हणजे बिटांचा एकेक गठ्ठा, कुठल्या पद्धतीची असणार, सगळं माणसाने सांगायचं आणि दोन्ही टोकांना जुळेल असं सांगायचं. मला यात कमीपणा दिसत नाही. नेटवर्कच्या तळाशी नेमकं काय चालतं ते इतकं उघड दाखवणारी दुसरी जागा नाही. व्ही.३५ ही सिरियल जोडणीची शिफारस १९८८ मध्येच मागे घेतली गेली, तरी तिचा जाडजूड चौकोनी कनेक्टर उपग्रह मोडेमच्या, रेडिओच्या आणि मल्टिप्लेक्सरच्या पाठीवर अजून भेटतो. म्हणून हे काम नीट येणारी माणसं अजून लागतात.

आता कार्डाकडे, म्हणजे ज्याच्यावर सिरियल पोर्ट असतो त्या भागाकडे. सिस्कोच्या छोट्या आणि मध्यम राउटरमध्ये बसणाऱ्या या कार्डांना बोलताना सगळे विक म्हणतात, म्हणजे वॅन इंटरफेस कार्ड. विक-१टी वर एकच पोर्ट असतो, साठ पिनांचा, डीबी-६० नावाचा. विक-२टी वर दोन पोर्ट असतात, पण तेवढ्याच पट्टीत दोन बसवायचे म्हणून ते लहान, सव्वीस पिनांचे. त्याला स्मार्ट सिरियल म्हणतात. पुढे आलेली एचविक-१टी आणि एचविक-२टी ही कार्डंही स्मार्ट सिरियलच वापरतात. केबलच्या नावात मधे एसएस असेल तर ती स्मार्ट सिरियलची. कॅब-व्ही३५एमटी असं थेट असेल तर डीबी-६० ची. केबल मागवताना दोन टोकांचा वेगवेगळा विचार करावा लागतो: एक टोक कार्डाप्रमाणे, दुसरं समोरच्या मोडेमप्रमाणे. मोडेमच्या पाठीवर चौतीस पिनांचा चौकोनी ठोकळा असेल तर व्ही.३५, पंधरा पिनांचा असेल तर एक्स.२१, सदतीस पिनांचा असेल तर आरएस-४४९. पंचवीस पिनांचा दिसला तर थांबून मोडेमचं पुस्तक उघडावं, कारण आरएस-२३२ आणि आरएस-५३० दोन्ही त्याच आकारात येतात आणि आतून अजिबात सारखे नसतात.

इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. हे पाचही प्रकार कार्डावरचा तोच एक पोर्ट बोलतो. त्याला कसं कळतं की आज व्ही.३५ बोलायचं आहे? कार्डाच्या कनेक्टरमध्ये काही पिना फक्त ओळख पटवण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. केबल बनवतानाच त्यातल्या ठरावीक पिना जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडून टाकलेल्या असतात. व्ही.३५ च्या केबलमध्ये एक जुळणी, एक्स.२१ च्या केबलमध्ये दुसरी. डीसीई की डीटीई हेही अशाच एका पिनेवरून ठरतं. थोडक्यात, राउटरला त्याची भूमिका कन्फिगमधून, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञांमधून नव्हे, केबलमधून कळते. म्हणून डीटीई केबल लावून ‘मला डीसीई कर’ अशी कुठलीही आज्ञा देता येत नाही. आणि म्हणूनच यातली एखादी पिन वाकली तर राउटर केबलला भलतंच काहीतरी समजतो, किंवा केबल लावलेलीच नाही असं ठामपणे सांगतो.

कार्ड बसवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. हे कार्ड या मॉडेलच्या राउटरमध्ये चालतं का, चालत असेल तर नेमक्या कुठल्या स्लॉटमध्ये, आणि राउटरवरचं आयओएस, म्हणजे सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम, त्याला ओळखण्याइतकं नवं आहे का. मधला प्रश्न लोक सोडून देतात. सगळे स्लॉट बाहेरून सारखे दिसतात, पण काही राउटरमध्ये एखादा स्लॉट फक्त व्हॉइस कार्डांसाठी असतो, एखाद्यात जुनं विक चालतं पण एचविक चालत नाही. कार्ड यांत्रिकदृष्ट्या आत जातं, स्क्रूही बसतात, आणि राउटर चालू केल्यावर ते यादीत कुठेच नसतं.

मग वीज बंद. या वर्गातल्या छोट्या राउटरमध्ये चालू विजेवर विक किंवा एचविक काढणं-घालणं चालत नाही. कार्ड जातं, कधी राउटरचा मुख्य बोर्डही जातो. फक्त बटण दाबून थांबू नये, वीजतार काढून ठेवावी. नंतरच्या पिढीतल्या ज्या राउटरमध्ये चालू असताना कार्ड बदलता येतं, त्यांतही आधी तो स्लॉट आज्ञा देऊन थांबवायचा आणि मगच हात लावायचा, असाच क्रम आहे. मनगटावर अँटिस्टॅटिक पट्टा बांधून त्याची क्लिप राउटरच्या रंग नसलेल्या धातूला लावावी. रंगावर लावलेली क्लिप म्हणजे नुसता दागिना. या पट्ट्याचा रोध १ ते १० मेगओहममध्ये असायला हवा. मल्टिमीटर जवळ असतोच, तेव्हा मोजून घ्यायला अर्धं मिनिट पुरतं.

रिकाम्या स्लॉटवरची झाकणपट्टी काढली की आत दोन्ही बाजूंना बारीक खाचा दिसतात. कार्ड कडांनी धरायचं, सोनेरी संपर्कांना बोट लावायचं नाही, आणि दोन्ही कडा एकाच वेळी खाचांत आहेत याची खात्री करून सरळ आत सरकवायचं. शेवटच्या अर्ध्या इंचात थोडा विरोध जाणवतो, तिथे आतला कनेक्टर गाठलेला असतो. मग दोन्ही अंगठे कार्डाच्या पुढच्या पट्टीवर ठेवून सारखा दाब द्यायचा, पट्टी राउटरच्या पाठीला समतल होईपर्यंत. पट्टी आणि पाठ यांच्यात एका बाजूला नखभर फट राहिली तर कार्ड तिरकं बसलंय. अशा वेळी स्क्रूने ओढून फट बुजवू नये, कार्ड बाहेर काढून पुन्हा घालावं. कार्ड बसवणारा दाब अंगठ्यांचा असतो. स्क्रूंनी बसलेलं कार्ड फक्त धरून ठेवायचं, म्हणून तेही आळीपाळीने थोडे थोडे फिरवावेत. काढलेली झाकणपट्टी फेकू नये. पुढे कधी कार्ड काढलं तर ती परत लागते, कारण उघड्या स्लॉटमधून पंख्याची हवा भलतीकडे जाते आणि विद्युत गोंगाटही आत-बाहेर करतो.

राउटर उठला की ‘शो व्हर्जन’ मध्ये सिरियल इंटरफेसची संख्या बघायची आणि ‘शो डायग’ किंवा ‘शो इन्व्हेंटरी’ मध्ये कार्डाचं नाव. नाव नसेल तर पुन्हा वीज बंद, पुन्हा बसवणं. तरीही नसेल तर स्लॉट आणि आयओएस यांची शंका घ्यायची. या टप्प्यावर एक सापळा आहे. आधीपासून चालू असलेल्या राउटरचं कार्ड साफसफाईसाठी काढून परत बसवलं, ते नीट बसलं नाही आणि राउटर त्याच्याविनाच उठला, तर त्या इंटरफेसच्या ओळी चालू कन्फिगमध्ये येतच नाहीत, कारण इंटरफेसच अस्तित्वात नाही. अशा स्थितीत सवयीने कन्फिग सेव्ह केली की साठवलेल्या ओळीही पुसल्या जातात. कार्ड यादीत दिसेपर्यंत सेव्ह करू नये. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं तरी असंच होतं: इंटरफेसचं नाव बदलतं आणि जुन्या नावाखालचा पत्ता नव्या नावाकडे आपोआप येत नाही.

नावांचंही सांगून टाकतो. जुन्या २६०० मालिकेत सिरियल ०/० असं लिहायचे, १८४१ आणि २८०० पासून सिरियल ०/०/०. शेवटचा आकडा कार्डावरच्या पोर्टचा, मधला स्लॉटचा. बऱ्याच राउटरवर हे आकडे उजवीकडून डावीकडे वाढतात. अंदाज बांधण्यापेक्षा पाठीवर आणि कार्डावर छापलेलं वाचावं.

केबल लावताना घाई नडते. डीबी-६० चं टोक थोडा जोर लावला तर उलटंही घुसू शकतं, आणि घुसलं की पिनांची वाट लागते. स्मार्ट सिरियलचा आकार लहान, पिना आणखी नाजूक. आधी कनेक्टरचा आकार डोळ्यांनी जुळवायचा, मग सरळ दाबायचं, मग दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने घट्ट करायचे. व्ही.३५ चा ठोकळा इतका वजनदार असतो की तो लोंबकळत ठेवला तर काही महिन्यांत दुसऱ्या टोकाचा छोटा कनेक्टर तिरका होतो. त्याला रॅकच्या खांबाला बांधून आधार द्यावा. वर्षभर चांगली चाललेली लिंक कुणी रॅकचं दार लावल्यावर पडते, ती बहुधा याच कारणाने.

केबल लागली की कन्फिगकडे वळण्याआधी एक आज्ञा: ‘शो कंट्रोलर्स सिरियल ०/०/०’. पडदा भरून आकडे येतात, पण आपल्याला वरच्या काही ओळींतलं एकच वाक्य हवं असतं. ‘नो सिरियल केबल अटॅच्ड’ दिसलं तर केबल नीट नाही किंवा ओळखीच्या पिनांत घोळ आहे. ‘डीसीई व्ही.३५’ आणि पुढे क्लॉक रेट दिसला तर ठोके आपण द्यायचे आहेत. ‘डीटीई व्ही.३५, टीएक्स अँड आरएक्स क्लॉक्स डिटेक्टेड’ दिसलं तर समोरून ठोके येत आहेत, आपल्या बाजूचं काम झालं. आणि ‘क्लॉक्स स्टॉप्ड’ दिसलं तर आयपी पत्ता, राउटिंग, ॲक्सेस लिस्ट यांतल्या कशालाही हात लावण्यात अर्थ नाही. ठोकेच नाहीत. लोक इथेच घसरतात. लाइन प्रोटोकॉल डाऊन बघितला की पत्ते तपासत बसतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ही आज्ञा आधी दिली तर अर्ध्याहून जास्त भटकंती वाचते.

प्रत्यक्ष लिंकवर ठोके सहसा मोडेम किंवा लाइनचं उपकरण देतं, त्यामुळे दोन्ही राउटर डीटीई असतात. दोन राउटर एकमेकांना थेट जोडायचे असतील तर एमटी आणि एफसी केबलचे ठोकळे एकमेकांत बसवायचे. ज्या राउटरकडे एफसी, तो डीसीई. याऐवजी दोन्ही टोकांना स्मार्ट सिरियल असलेली तयार केबलही मिळते. तिची दोन टोकं दिसायला सारखी, त्यामुळे पट्टी फाटली असेल तर ‘शो कंट्रोलर्स’ शिवाय इलाज नाही. डीसीई बाजूची कन्फिग साधारण अशी:

इंटरफेस सिरियल ०/०/०
आयपी ॲड्रेस १०.१.१.१ २५५.२५५.२५५.२५२
एन्कॅप्स्युलेशन पीपीपी
बँडविड्थ ६४
क्लॉक रेट ६४०००
नो शटडाऊन

डीटीई बाजूला पत्ता १०.१.१.२, आणि क्लॉक रेटची ओळ नाही. ती तिथे दिली तर राउटर ‘ही आज्ञा फक्त डीसीई इंटरफेसला लागू आहे’ असं स्पष्ट सुनावतो. या सूचनेवर चिडू नये, ती आपण चुकीच्या टोकाला बसलोय हे फुकटात सांगते. आणखी एक: क्लॉक रेट बिटमध्ये लिहायचा, बँडविड्थ किलोबिटमध्ये. एकाखाली एक येणाऱ्या या दोन ओळी, पण मापं वेगळी. शिवाय क्लॉक रेटला कुठलाही आकडा चालत नाही, ठरावीक यादीतलाच घ्यावा लागतो. प्रश्नचिन्ह दिलं की यादी दिसते.

बँडविड्थबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. या आज्ञेने लिंकचा वेग एका बिटानेही बदलत नाही. ती फक्त राउटिंग प्रोटोकॉलला सांगते की हा रस्ता किती रुंद समजायचा. ती दिली नाही तर राउटर सिरियल इंटरफेसला १५४४ किलोबिट धरून चालतो. ओएसपीएफ हा त्यातलाच एक प्रोटोकॉल. तो मूळच्या हिशेबाने दहा कोटीला बँडविड्थने भागतो, तेव्हा १५४४ ची किंमत येते ६४ आणि खऱ्या ६४ किलोबिटची येते १५६२. एवढ्या फरकाने अरुंद लिंक ऐसपैस दिसते आणि सगळी रहदारी तिच्यावर लोटली जाते. ६४ केबीपीएसवर १५०० बाइटचं एक पॅकेट तारेवर चढायलाच १८७.५ मिलिसेकंद घेतं. तेच २ एमबीपीएसवर ६ मिलिसेकंदांत जातं. संथ लिंकवर टेलनेटचं एकेक अक्षर अडखळत उमटतं, ते मोठ्या पॅकेटच्या मागे रांगेत उभं राहिल्यामुळे.

एन्कॅप्स्युलेशन, म्हणजे फ्रेमची पद्धत, दोन्हीकडे सारखं हवं. सिस्को राउटरवर काही न सांगता एचडीएलसी असतं, पण ते सिस्कोचं स्वतःचं रूप, कुठला प्रोटोकॉल आत आहे ते सांगणारा जादा रकाना जोडलेलं. समोर दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर सरळ पीपीपी घ्यावं. आरएफसी १६६१ मध्ये १९९४ साली ते नक्की झालं आणि सगळ्यांना येतं. पीपीपीबरोबर चॅप, म्हणजे पासवर्डने ओळख पटवण्याची पद्धत, लावताना नावं उलटसुलट होतात. प्रत्येक राउटरवर युजरनेम म्हणून समोरच्या राउटरचं होस्टनेम लिहायचं, स्वतःचं नाही, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. पासवर्ड दोन्हीकडे एकच. पासवर्ड पेस्ट करताना शेवटी एखादी मोकळी जागा आली तर तीही पासवर्डचा भाग धरली जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ चालू केलं की नकार कुठल्या बाजूने येतोय ते कळतं.

पीपीपीची एक लकब माहीत असावी. लिंक उठली की तो समोरच्याच्या पत्त्याचा बत्तीस बिटांचा मार्ग आपणहून टेबलात घालतो. त्यामुळे दोन बाजूंचे पत्ते वेगवेगळ्या सबनेटमध्ये पडले असले तरी पिंग जातं. पिंग गेलं म्हणून पत्ते बरोबर, असं समजून लोक उठतात आणि पुढे ओएसपीएफचा शेजार का जमत नाही ते शोधत बसतात.

आता ‘शो इंटरफेसेस’ मधली पहिली ओळ. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन’ म्हणजे नो शटडाऊन राहिलं. ‘डाऊन, डाऊन’ म्हणजे समोरून कॅरियर येत नाही: केबल, मोडेम, लाइन, किंवा समोरचा इंटरफेस बंद. ‘अप, डाऊन’ ही सगळ्यात बोलकी अवस्था. सिग्नलच्या तारा शुद्धीवर आहेत, पण संभाषण जमत नाही. कारणं मोजकी: ठोके नाहीत, एन्कॅप्स्युलेशन वेगळं, चॅपचा नकार, किंवा मधल्या लाइनवर बिट इतके बिघडतात की कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी आहे’ असं सांगणारे छोटे संदेश, पोचत नाहीत. याच आज्ञेच्या तळाशी डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस, सीटीएस या नियंत्रणाच्या सिग्नलांची एक ओळ असते. डीटीआर आणि आरटीएस आपले. बाकीचे तीन समोरून येतात. डीसीडी डाऊन असेल तर मोडेमला पलीकडची लाइन दिसत नाही, आणि तुमचा राउटर निर्दोष आहे.

एचडीएलसीवर दर दहा सेकंदांनी एक कीपअलाइव्ह जातो आणि त्यात क्रमांक असतो. ‘डीबग सिरियल इंटरफेस’ चालू केलं की तीन आकडे दिसतात: मायसीक्, माइनसीन, युअरसीन. मायसीक् म्हणजे मी पाठवलेला क्रमांक. माइनसीन म्हणजे समोरच्याने ‘तुझा हा शेवटचा मिळाला’ म्हणून परत सांगितलेला. दोन्ही बरोबरीने वाढत असतील तर वाट दोन्हीकडून मोकळी. युअरसीन वाढतोय पण माइनसीन एकाच जागी गोठलाय, याचा अर्थ त्याचं मला ऐकू येतं, माझं त्याला येत नाही. दोष माझ्याकडून तिकडे जाणाऱ्या वाटेत. फरक तीनच्या वर गेला की प्रोटोकॉल पडतो. एका दिशेचा बिघाड इतक्या नेमकेपणाने दाखवणारं हे साधं साधन मला फार आवडतं.

खरी कसोटी लागते ती लिंक उठल्यावर. ६४ केबीपीएसला गुण्यागोविंदाने चाललेली लिंक २ एमबीपीएसला नेली की सीआरसीचे, म्हणजे बिघडून आलेल्या फ्रेमचे, आकडे चढू लागतात. केबल तीच, राउटर तेच. मग कार्ड बदललं जातं, केबल बदलली जाते. कारण समजून घेतलं तर यातलं काहीच करावं लागत नाही.

व्ही.३५ च्या ठोकळ्यात पिनांना अक्षरांची नावं आहेत. डीटीई पी आणि एस या जोडीवरून डेटा पाठवतो, आर आणि टी वरून घेतो. पाठवायच्या डेटासाठी लागणारे ठोके डीसीई वाय आणि डबल-ए या जोडीवरून देतो. म्हणजे ठोका डीसीईकडून निघाला, केबलभर चालून डीटीईकडे आला, त्याने त्या ठोक्यावर बिट ठेवला आणि तो बिट पुन्हा केबलभर चालून डीसीईकडे गेला. डीसीई मात्र त्या बिटाकडे स्वतःच्या मूळ ठोक्याने बघतो. जाण्यायेण्याचा सगळा उशीर इथे जमा होतो. सिग्नल तारेवर मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. १५ मीटर केबलला जाऊन-येऊन १५० नॅनोसेकंद झाले, वर दोन्हीकडच्या चिपांचा वेळ वेगळाच. ६४ केबीपीएसला एक बिट १५.६ मायक्रोसेकंद टिकतो, तिथे याची काय मातब्बरी? पण २.०४८ एमबीपीएसला बिटाचं आयुष्यच ४८८ नॅनोसेकंदांचं, आणि तो मधोमध, म्हणजे २४४ वर टिपायचा असतो. उशीर त्याच्या आसपास पोचला की डीसीई बिटाच्या कडेवर बघू लागतो. कधी हा बिट, कधी शेजारचा.

यावरचा उपाय केबलमध्ये आधीपासून आहे. यू आणि डब्ल्यू या जोडीवरून डीटीई आपल्याकडे आलेला ठोका डेटाबरोबर परत पाठवतो. त्याला एससीटीई म्हणतात. डेटा आणि हा ठोका एकाच वेळी निघतात, तितकाच प्रवास करतात, म्हणून दोघांना उशीरही सारखाच होतो आणि हिशेबातून तो वजा होऊन जातो. डीसीई बाजूला या परत आलेल्या ठोक्याने डेटा टिपायला सांगितलं की झालं. मोडेमवर ही निवड ‘टर्मिनल टायमिंग’ किंवा ‘एक्स्टर्नल’ अशा नावाने असते, सिस्कोवर काही कार्डांना त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. डीसीईला हे येत नसेल तर ‘इन्व्हर्ट टीएक्सक्लॉक’ ने ठोका अर्ध्या बिटाने सरकवता येतो, म्हणजे नजर कडेवरून पुन्हा मध्यावर येते. हा उपाय मात्र त्या केबलच्या लांबीपुरता खरा. पुढे केबल बदलली तर तो उलटू शकतो. सिस्कोच्या तक्त्यात व्ही.३५ साठी २४०० ला १२५० मीटर, ९६०० ला ३१२ मीटर, ५६ केबीपीएसला ३१ मीटर आणि १.५४४ एमबीपीएसला १५ मीटर अशी मर्यादा उतरत येते. वेग चढेल तशी लांबी का घसरते, ते आता वेगळं सांगायला नको.

चुकांच्या दुसऱ्या मोठ्या कारणाला मात्र एससीटीई पुरत नाही. मधल्या लाइनवर दोन मोडेम असतील आणि दोन्ही ‘इंटर्नल क्लॉक’ वर ठेवले असतील, तर लिंकला दोन धनी झाले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोन्ही ठोके कागदावर सारखे असले तरी ते बनवणारे स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. एक किंचित पुढे पळतो आणि काही वेळाने एखादा बिट सांडतो किंवा दोनदा मोजला जातो. लक्षण ठरलेलं असतं: लिंक चालते, आणि मग ठरावीक अंतराने सीआरसी आणि अबॉर्ट दोन्ही वाढतात. अबॉर्ट म्हणजे लागोपाठ सात किंवा त्याहून जास्त एक आले. एचडीएलसीत डेटामध्ये पाच एक सलग आले की पाठवणारा मुद्दाम एक शून्य घालतो, त्यामुळे धड स्थितीत सात येऊच शकत नाहीत. ते आले तर बिटांची मोजणी चुकली. एका मोडेमला इंटर्नल ठेवायचं, पलीकडच्याला ‘लाइन’ म्हणजे आलेल्या सिग्नलमधून ठोका काढून घ्यायला सांगायचं. लाइन एखाद्या मोठ्या डिजिटल जाळ्यातून येत असेल तर दोन्ही मोडेम ‘लाइन’ वर, कारण धनी ते जाळं असतं.

तपासताना आधी ‘क्लिअर काउंटर्स’ द्यावं, नाहीतर सहा महिन्यांपूर्वीच्या चुका आजच्या म्हणून मोजल्या जातात. एकूण रहदारीच्या एका टक्क्याहून जास्त इनपुट एरर असतील तर लिंक आजारी समजावी. मग लूप लावत जायचं, म्हणजे पाठवलेला डेटा तिथूनच परत फिरवायचा: आधी जवळच्या मोडेमवर, मग दूरच्या. लूप लावण्याआधी पीपीपी काढून एचडीएलसी करावं, कारण पीपीपी स्वतःचाच मॅजिक नंबर, म्हणजे ओळखीसाठी पाठवलेला आकडा, परत आलेला ओळखतो आणि उठत नाही. एचडीएलसीवर ‘अप, अप, लूप्ड’ असं दिसतं. या अवस्थेत स्वतःच्याच सिरियल पत्त्याला पिंग करायचं. अशा लिंकवर तो पिंग राउटरच्या आतल्या आत मिटत नाही, खरोखर तारेवर जाऊन परत येतो. एक्स्टेंडेड पिंगमध्ये १५०० बाइट, किमान ५० पॅकेट, आणि डेटाचा नमुना बदलत राहायचा: सगळे शून्य, सगळे एक, आणि एक-शून्य आळीपाळीने. एकाच नमुन्याला पॅकेट पडत असतील तर ठोक्यांचा किंवा लाइन कोडिंगचा संशय पक्का होतो. सगळ्यांना सारखी पडत असतील तर केबल, पिना आणि लाइनवरचा गोंगाट बघावा. ज्या लूपपर्यंत स्वच्छ आणि ज्या लूपपासून घाण, त्या दोघांच्या मधे बिघाड.

सगळं जमलं की लूप काढायचा, एन्कॅप्स्युलेशन परत पीपीपी करायचं, डीबग बंद करायचं, तासाभराने एररचे आकडे पुन्हा बघायचे आणि मगच कन्फिग सेव्ह करायची. केबलच्या दोन्ही टोकांना आपल्या हाताने एक चिठ्ठी बांधावी: इंटरफेसचं नाव, डीसीई की डीटीई, वेग, ठोके कुठून येतात, आणि ठोका उलटवला असेल तर तेही, केबलच्या लांबीसकट. छापील पट्टी केबल कुठली एवढंच सांगते.